पेढीवरचा जुना संगणक आणि खेळाचा हिशेब

लक्ष्मीपूजन आटोपले की पेढीवर नव्या वह्या येतात आणि जुन्या वह्या कापडात बांधून माळ्यावर जातात. २०२४ च्या दिवाळीत आमच्या सांगलीच्या हळदीच्या पेढीवरून वह्यांसोबत आणखी एक जुनी वस्तू निवृत्त झाली. तो होता आमचा संगणक. २०१६ साली घेतलेल्या या यंत्राने आठ वर्षे गादीशेजारी बसून बिले, आवक-जावक आणि खातेवह्या सांभाळल्या. शेवटच्या वर्षात मात्र सकाळी तो सुरू होईपर्यंत हमालांचा पहिला चहा उरकत असे. पेढीवर नवा संगणक आला आणि जुना भंगारात द्यावा, असे मी मनाशी ठरवले.

त्याच आठवड्यात आमच्या चौदा वर्षांच्या धाकट्या चिरंजीवांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर खेळांसाठी लागणाऱ्या नव्या संगणकाच्या सुट्या भागांची यादी होती आणि तळाशी बेरीज होती बहात्तर हजार रुपये. वर्गातील मित्रांकडे असे संगणक आहेत, हे त्याने सांगितले नाही. पण ते मला ठाऊक होते. एवढी रक्कम खेळावर घालण्याची माझी तयारी नव्हती आणि त्याला सरळ नकार देण्याचे धाडसही होत नव्हते. तेव्हा मी म्हणालो, "पेढीवरचा जुना संगणक घरी आणू. त्यालाच दुरुस्त करून पाहू."

असा पेच आज अनेक घरांत पडत असावा. पेढीवरचा किंवा कार्यालयातील जुना संगणक घरी पडून असतो आणि मुलांना त्यावर खेळ खेळायचे असतात. पुढील दीड महिन्यात आम्ही जे शिकलो, त्यात माझी एक चूकही आहे. ती चुकीसह सांगितली तरच या लेखाचा वाचकांना उपयोग होईल.

पहिली खरेदी, पहिला तोटा

मुलाला आनंद व्हावा म्हणून मी कोणालाही न विचारता बाजारातून तीन हजार आठशे रुपयांचे एक ग्राफिक्स कार्ड घेऊन आलो. खोक्यावर ठळक अक्षरांत '२ जीबी' असे छापले होते आणि त्या आकड्याला मी भुललो. हळकुंड मोडून आतील रंग पाहिल्याशिवाय आम्ही कधी भाव बोलत नाही. पोत्यावरचा शिक्का पाहून माल उचलणाऱ्या नवख्यांना मी हसत आलो आहे. येथे मात्र मी स्वतः तेच केले.

कार्ड बसवले, खेळ सुरू केला आणि पडद्यावरची गाडी पूर्वीसारखीच गचके खात चालली. कार्डावर किती मेमरी आहे, यावरून त्याचा वेग ठरत नाही. चित्र रेखाटणारी त्याची मुख्य चिप कोणती, तिच्यात किती गणक-घटक आहेत आणि ती मेमरी किती जलद आहे, यावर तो ठरतो. मी आणलेले कार्ड पडद्यावर अक्षरे आणि तक्ते दाखवण्यापुरते होते. दुकानदाराने उघडलेला माल परत घेतला नाही. मुलगा काहीच बोलला नाही. बहात्तर हजारांची यादी त्याने घडी घालून खणात ठेवली. त्याचे ते गप्प राहणे मला अधिक लागले.

रात्री पुण्यातील पुतण्याला फोन केला. तो संगणक अभियंता आहे. सारे ऐकून घेऊन तो एवढेच म्हणाला, "काका, आधी मोजायला हवं होतं. नेमकं कुठं अडतंय ते तरी बघू."

दुसऱ्या दिवशी मी मुलासाठी वीस हजार रुपयांची मर्यादा ठरवली आणि दोन अटी घातल्या. मोजमाप केल्याशिवाय काही घ्यायचे नाही आणि प्रत्येक रुपयाची नोंद ठेवायची. माझे वाया गेलेले तीन हजार आठशेही त्या वीस हजारांतच धरायचे. त्याने दोनशे पानी वही काढली आणि विचारले, "पप्पा, ही पहिली रक्कम कुणाच्या नावे लिहू?" मी म्हणालो, "माझ्या नावे लिही."

मोजमाप कसे करावे

ज्यांना संगणकाच्या अंतरंगाची ओळख नाही, त्यांच्यासाठी पेढीचीच उपमा देतो. प्रोसेसर म्हणजे दिवाणजी, जो सर्व हिशेब करतो. रॅम म्हणजे त्याच्या पुढ्यातील मेज. हाताशी लागणारे कागद त्यावर पसरलेले असतात. हार्ड डिस्क म्हणजे मागचे कोठार. ग्राफिक्स कार्ड म्हणजे सेकंदाला तीस किंवा साठ चित्रे काढणारा चित्रकार. मेज लहान असेल तर दिवाणजी कितीही हुशार असला तरी त्याचा दिवस कोठारात खेटे घालण्यातच जातो. तेथे दुसरा दिवाणजी नेमून उपयोग नसतो.

अडथळा कोठे आहे, हे पाहण्याची सोय विंडोजमध्येच आहे आणि ती विनामूल्य आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांपैकी कोण किती टक्के गुंतले आहे, हे दिसते. खेळ सुरू ठेवून ते पाहावे. जो आकडा सतत शंभराला टेकलेला असेल, तेथे काम तुंबले आहे.

आमच्या संगणकात इंटेलचा कोअर आय-फाइव्ह ६५०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर होता. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या पिढीचा, जुना. परंतु आकडे पाहता तो चाळीस टक्क्यांच्या वर जात नव्हता. मेमरी होती अवघी ४ जीबी आणि ती ९५ टक्के भरलेली. डिस्क अखंड १०० टक्के. म्हणजे मेज लहान होते आणि कोठार संथ होते. चित्रकाराची पाळी त्यानंतरची होती, आणि मी नेमका तोच आणि तोही कच्चा बदलला होता.

झाकण उघडल्यावर

पहिले काम जवळजवळ फुकटाचे. संगणकाची वायर भिंतीपासून काढून आम्ही बाजूचे झाकण उघडले आणि आतले दृश्य पाहून दोघेही हसलो. आठ वर्षांची हळद तेथे साठली होती. पंखा, त्याखालील धातूच्या पट्ट्या, वायरी, सारे पिवळे. या पट्ट्या प्रोसेसरची उष्णता वाहून नेतात. त्यांच्यात धूळ अडकली की उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. किराणा, धान्य, मसाले, कापड, सिमेंट यांच्या दुकानातील प्रत्येक संगणकाची हीच अवस्था असणार.

मऊ ब्रश आणि हवेचा ब्लोअर पुरेसा होतो. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अंगातील स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू शकतात, म्हणून आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. आणि हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. प्रोसेसर आणि पट्ट्या यांमधील उष्णतावाहक लेप सुकून खडू झाला होता. तो पुसून नवा लावला. पूर्वी खेळताना नव्वद अंशांपर्यंत चढणारे तापमान साठीच्या घरात आले. ब्रश आणि लेप यांचा खर्च साडेतीनशे रुपये.

कोठारातील धोका

नवी डिस्क बसवण्यापूर्वी जुनीची तब्येत पाहा, असे पुतण्याने बजावले होते. क्रिस्टल डिस्क इन्फो हा विनामूल्य प्रोग्राम चालवला, तर पिवळ्या पट्टीत सावधानतेची सूचना आली. डिस्कचे काही भाग निकामी झाले होते आणि त्याची नोंद तिने स्वतःच ठेवली होती; ती वाचणारे कोणी नव्हते, इतकेच.

त्या क्षणी खेळाचा विषय मागे पडला. पेढीच्या नव्या संगणकावर फक्त चालू आणि मागील वर्षाची खाती घेतली होती. त्याआधीची सर्व वर्षे या डिस्कवरच होती आणि ही डिस्क मी भंगारात देणार होतो. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार, ज्या वर्षाची खाती असतील त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ती जपावी लागतात. मुलाने एकेक वर्षाचे फोल्डर उतरवून घ्यायला सुरुवात केली. इतर सर्व वर्षे उतरली. २०१८-१९ चे फोल्डर मात्र उघडेना. त्या वर्षाची खाती २०२६ अखेरपर्यंत जपणे आम्हाला भाग होते. दोन दिवस माझे जेवणात लक्ष नव्हते. अखेर आमच्या सी.ए. साहेबांच्या कार्यालयात त्या वर्षाची प्रत निघाली. आज सर्व खाती पेढीचा संगणक, घरातील वेगळी डिस्क आणि सी.ए. कार्यालय अशा तीन ठिकाणी आहेत. वाचकांनी या लेखातील दुसरे काही केले नाही तरी चालेल. परंतु पेढीवरील डिस्कची तब्येत आजच पाहावी.

जुन्या डिस्कच्या जागी ५०० जीबीची साधी साटा एसएसडी बसवली. फिरत्या डिस्कवरून सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी माहिती वाचता येते; साटा एसएसडीवरून ५०० एमबीच्या आसपास. लहान-लहान फाइली विखुरलेल्या असतील तर हा फरक आणखी वाढतो, कारण एसएसडीत फिरणारे काहीच नसते. अडीच मिनिटांत सुरू होणारा संगणक वीस सेकंदांत सुरू होऊ लागला. खर्च तीन हजार.

मेजाची रुंदी

रॅम घेताना प्रथम मदरबोर्ड कोणत्या जातीची घेतो, हे पाहावे. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या पट्टीवरील खाच वेगवेगळ्या जागी असते. एक दुसऱ्याच्या खोबणीत बसतच नाही. आमचा बोर्ड डीडीआर-४ चा निघाला. आम्ही १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घेतल्या. दोन पट्ट्या योग्य खोबणींत बसवल्या की प्रोसेसरला माहितीचे दोन मार्ग मिळतात. दुकानात अधिक वेगाच्या महागड्या पट्ट्याही दाखवल्या गेल्या. पण आमचा प्रोसेसर २१३३ च्या वेगापलीकडे त्या चालवू शकत नाही, हे मुलाने आधीच शोधून ठेवले होते. त्याने नम्रपणे साध्या पट्ट्या मागितल्या. खर्च तीन हजार चारशे.

चित्रकाराची निवड

आता पुन्हा मोजमाप केले. मेमरी निम्म्यावर, डिस्क शांत, प्रोसेसर साठ टक्के आणि ग्राफिक्स शंभर. म्हणजे आता खरोखर कार्डाची पाळी आली होती.

येथे विजेचा हिशेब आधी मांडावा लागतो. कार्यालयीन संगणकाचा पॉवर सप्लाय लहान असतो. आमचा २४० वॅटचा होता आणि त्यात कार्डासाठी वेगळी वायर नव्हती. मदरबोर्डच्या खोबणीतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. प्रोसेसर ६५, कार्ड ७५ आणि बाकी सारे ४० धरले तर १८० वॅट होतात. म्हणून ७५ वॅटांत चालणारे आणि वेगळी वायर न मागणारे कार्डच घ्यायचे, असे ठरले. २०१९ मध्ये आलेल्या जीटीएक्स १६५० ची पुष्कळ मॉडेल्स अशी आहेत. त्याहून जुने जीटीएक्स १०५० टीआय हेही ७५ वॅटांचेच. यापेक्षा मोठे कार्ड हवे असेल तर पॉवर सप्लाय बदलावा लागतो, आणि तो निनावी व स्वस्त कधीही घेऊ नये. तो बिघडला तर बाकीच्या भागांनाही घेऊन जातो. कॅबिनेट अरुंद असेल तर कमी उंचीचेच कार्ड बसते, म्हणून फूटपट्टीने जागाही मोजावी.

नवे कार्ड मर्यादेत बसत नव्हते. ओळखीच्या एका कुटुंबाकडून जीटीएक्स १६५० सात हजारांत वापरलेले मिळाले. वापरलेले कार्ड घेताना ते विक्रेत्याच्याच संगणकावर अर्धा तास खेळ चालवून पाहावे. चित्रात ठिपके येतात का, पंखा घरघरतो का, हे तपासावे. जुन्या कार्डावर नव्याचे नाव चढवून विकण्याची लबाडी बाजारात चालते. जीपीयू-झेड हा विनामूल्य प्रोग्राम अशी बनावट कार्डे बहुधा ओळखतो.

आमच्या जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए खोबण होती आणि नव्या कार्डाला ती नव्हती. साडेतीनशे रुपयांचा अडॅप्टर घ्यावा लागला. मॉनिटरची वायर नेहमी कार्डाच्याच खोबणीत लावावी. ती जुन्या जागी राहिली तर पडदा काळा राहतो किंवा कार्ड बसवूनही निरुपयोगी ठरते. त्या जुन्या मॉनिटरचा एक फायदाही झाला. त्याच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके आहेत. फुल एचडी पडद्यावर ते जवळजवळ एकवीस लाख असतात. कार्डाला निम्मेच चित्र रंगवावे लागते आणि खेळ सहज साठ चित्रांच्या वेगाने चालतो. ज्यांचा पडदा मोठा आहे त्यांनी खेळातील सावल्यांची पातळी कमी करावी. सर्वाधिक भार बहुधा त्यांचाच असतो आणि त्या कमी झाल्याचे डोळ्यांना फारसे जाणवत नाही.

वहीचे पान

सफाई साडेतीनशे, एसएसडी तीन हजार, रॅम तीन हजार चारशे, कार्ड सात हजार, अडॅप्टर साडेतीनशे. बेरीज चौदा हजार शंभर. माझ्या नावचे तीन हजार आठशे मिळवून सतरा हजार नऊशे.

हे भाव २०२४ अखेरचे आहेत. संगणकाच्या बाजारातही हळदीसारखी तेजी-मंदी असते. २०२५ च्या अखेरीस मोठ्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि जगभर मेमरीचे भाव चढले. तेव्हा आजचा भाव चार ठिकाणी विचारूनच खरेदी करावी आणि नवी वस्तू पक्क्या बिलाशिवाय घेऊ नये; हमीसाठी ते लागते. या वस्तूंवर १८ टक्के जीएसटी असतो. बिल पेढीच्या नावे करून कराची वजावट घेण्याचा मोह होईल. परंतु वैयक्तिक वापराच्या वस्तूंवर ती वजावट कायद्याने मिळत नाही. मुलाने हे विचारले होते, आणि त्याला उत्तर देताना मला बरे वाटले.

कोठे थांबावे

प्रत्येक जुना संगणक वाचवण्याजोगा नसतो. प्रोसेसर फार जुना असून मदरबोर्डही बदलावा लागत असेल, तर ती दुरुस्ती राहत नाही, नवी खरेदी होते. अशा वेळी रायझेन ५ ५६००जी सारखा, चांगली ग्राफिक्स अंगभूत असलेला प्रोसेसर घेऊन सुरुवात करावी आणि कार्ड पुढे कधीतरी घ्यावे. दुसरी मर्यादा विंडोजची. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमच्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. म्हणून या संगणकावर आम्ही बँकेचे व्यवहार किंवा पेढीची खाती ठेवत नाही. फुकट मिळणारे चोरटे खेळही त्यावर घालू देत नाही. त्यांच्यासोबत बहुधा विषाणू येतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, हेही घरात स्पष्ट सांगितले आहे. संगणक दिवाणखान्यात आहे आणि खेळाची वेळ रोज एक तास.

त्या तासात तो बहुतेक वेळा युरो ट्रक सिम्युलेटर २ हा खेळ खेळतो. चेक प्रजासत्ताकातील एका कंपनीने २०१२ मध्ये काढलेला हा खेळ जुन्या यंत्रावरही छान चालतो. त्यात प्रथम दुसऱ्याच्या ट्रकवर चालक म्हणून माल पोहोचवायचा, मग बँकेचे कर्ज काढून स्वतःचा ट्रक घ्यायचा आणि पुढे चालक नेमून धंदा वाढवायचा. परवा तो विचारत होता, "पप्पा, कर्ज आधी फेडू, की दुसरा ट्रक घेऊ?" मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो. त्या दिवशी एक तासाचा दीड तास झाला.

खरेदी संपली त्या रात्री त्याने वही माझ्यापुढे ठेवली होती आणि तिच्यात शिल्लक राहिलेले दोन हजार शंभर रुपये होते. मी ते परत त्याच्याकडे दिले. "शिल्लक पुढे ओढ," मी म्हणालो. त्याने नवे पान उघडले, तारीख घातली आणि डाव्या बाजूला जमा म्हणून ती रक्कम लिहिली.